देशाचा चेहरा ठरवायला बसलेल्या समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे तुमची बैठक सुरूच असते. कुठे नव्या नाण्याची मागची बाजू ठरत असते, कुठे राजमुद्रेतल्या पक्ष्याने डावीकडे पाहायचे की उजवीकडे यावर अख्खी दुपार जाते, कुठे चौकातल्या पुतळ्याच्या हाती तलवार द्यायची की पुस्तक यावर मते मोजली जातात. तुमची नावे आम्हाला सहसा कळत नाहीत. तुमचे निकाल मात्र आम्ही खिशात घेऊन हिंडतो. म्हणून हे पत्र कुठल्या एका समितीला नाही, तुम्हा सगळ्यांनाच आहे. मला जुनी नाणी आणि टपाल तिकिटे जमवण्याचा नाद आहे, आणि त्यापायी तुमच्या पूर्वसूरींची कामगिरी बरीच न्याहाळून झाली आहे. तिच्या आधाराने एकच मागणे आहे. देशाची जी आकृती तुम्ही मंजूर कराल ती जरा सैल सोडा. तिचा चेहरा कायद्याने पक्का करू नका, आणि उद्या कोणी ती वेगळी काढली, वाकडी काढली, तिची टिंगल केली, तर त्याच्यामागे पोलीस लावू नका.

या आकृत्या जन्माला कशा आल्या ते पाहिले की मागणे अवाजवी वाटणार नाही. देशाला बाईच्या रूपात दाखवायची रीत रोमन नाण्यांवर ठळक दिसते, आणि तिथली ती बाई बहुतेकदा हरलेली असते. इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडले. त्यानंतर सम्राट व्हेस्पासियनने पाडलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली एक बाई मान खाली घालून बसली आहे. ती म्हणजे जिंकलेला ज्यूडिया प्रांत. दुसऱ्या शतकात हेड्रियनच्या नाण्यावर ब्रिटनही असाच एका बसलेल्या बाईच्या रूपात आला, आणि पुढे अँटोनायनस पायसच्या नाण्यावर तर ती चांगलीच खिन्न दिसते. म्हणजे ब्रिटानियाचे पहिले चित्र ब्रिटिशांनी काढलेलेच नाही, ते त्यांना जिंकणाऱ्यांनी काढले. पंधरा शतके उलटल्यावर, १६७२ मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या टांकसाळीने तिला तांब्याच्या चिल्लर नाण्यांवर आणून बसवले. १७९७ मध्ये तिच्या हातातला भाला जाऊन त्रिशूळ आला आणि ती समुद्राची राणी झाली. आता सांगा, ‘शत्रूने आपला अपमान करायला काढलेले चित्र आपण राष्ट्रचिन्ह म्हणून घेऊ’ असा ठराव तुमच्यापैकी कोणी मांडला असता का? मांडला असता तर अनुमोदन मिळाले असते का?

२००८ साली याच ब्रिटानियाला ५० पेन्सच्या नव्या नाण्यांवरून वगळले, तेव्हा मात्र वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला. रोज हातातून जाणाऱ्या त्या बाईकडे कोणी कधी नीट पाहिले नसेल, पण ती गेल्याचे सगळ्यांना कळले. २०१५ मध्ये ती दोन पौंडांच्या नाण्यावर परतली.

रशियाच्या अस्वलाचेही असेच झाले. ते रंगवले पश्चिमेकडच्या व्यंगचित्रकारांनी, आणि अर्थातच कौतुकाने नाही: बोजड, दांडगे, शेजाऱ्यावर पंजा टाकणारे जनावर. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकला त्याच अस्वलाचे मिशा नावाचे गोजिरवाणे पिल्लू झाले आणि समारोपाला ते फुग्यांना बांधून आकाशात सोडले गेले. इंग्लंडचा ढेरपोट्या जॉन बुल १७१२ मध्ये जॉन अर्बथनॉट या डॉक्टरच्या राजकीय उपहासातून निघाला. अंकल सॅमचे नाव १८१२च्या युद्धात सैन्याला मांस पुरवणाऱ्या ट्रॉय गावच्या सॅम्युएल विल्सनवरून आले, असे अमेरिकन काँग्रेसने १९६१ मध्ये ठराव करून मान्य केले. तोवर अंकल सॅम शंभरावर वर्षे बिनपरवाना फिरत होता. आणि आपल्याकडे बोट रोखून सैन्यात बोलावणारा त्याचा जो चेहरा सगळ्या जगाला पाठ आहे, तो चित्रकार जेम्स माँटगोमेरी फ्लॅग याचा स्वतःचा आहे. मॉडेल शोधण्याचा खटाटोप नको म्हणून त्याने आरशात पाहून स्वतःलाच म्हातारे केले आणि बोकडदाढी लावली. पहिल्या महायुद्धात त्या भित्तिपत्रकाच्या ४० लाखांवर प्रती छापल्या गेल्या. एका महासत्तेचा चेहरा असा ठरला.

याउलट तुमच्या पद्धतीने काम केले की काय होते, त्याचाही दाखला अमेरिकेतच आहे. ४ जुलै १७७६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशी, राजमुद्रा ठरवायला समिती नेमली गेली. सदस्य कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन. याहून तालेवार समिती कुठून आणणार? फ्रँकलिनला समुद्र दुभंगणारा मोझेस हवा होता, जेफरसनला वाळवंटातून चाललेले इस्राएली लोक, अॅडम्सला हर्क्युलिस. काही जमले नाही. दुसरी समिती झाली, तिसरी झाली. सहा वर्षांनी, जून १७८२ मध्ये, काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन यांनी तिन्ही समित्यांच्या कागदांतून निवडक गोष्टी उचलून गरुड पुढे आणला आणि आठवडाभरात विषय संपवला. फ्रँकलिनला तो गरुड पटला नाही. दुसऱ्याची शिकार पळवणारा लबाड पक्षी, असे त्याने मुलीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. गंमत अशी की हा गरुड कायद्याने अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी झाला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधली २४२ वर्षे कोणाचे काही अडले नव्हते.

पक्ष्यांवरून आठवले. १८०४ मध्ये नेपोलियनच्या सल्लागारांनी साम्राज्याचे चिन्ह म्हणून कोंबडा सुचवला. कोंबड्यात काय दम असतो, म्हणून नेपोलियनने तो उडवून लावला आणि गरुड घेतला. साम्राज्य गेले, गरुडही गेला. कोंबडा आज फ्रान्सच्या फुटबॉल संघाच्या छातीवर आहे.

पण समितीच्या हस्तक्षेपाचा खरा मासला वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या घुमटावर उभा आहे. त्याची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाने ती एकदा तरी ऐकायला हवी.

१८५०च्या दशकात त्या घुमटासाठी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवायचे काम शिल्पकार थॉमस क्रॉफर्डकडे आले. त्याने तिच्या डोक्यावर स्वातंत्र्याची टोपी घातली. टोकाशी पुढे झुकलेली ही मऊ टोपी युरोपात आणि अमेरिकेत तेव्हा सगळ्यांच्या ओळखीची होती; रोममध्ये मुक्त झालेला गुलाम टोपी घालत असे, ती आठवण तिच्याशी जोडलेली. रेखाटन मंजुरीसाठी गेले युद्धमंत्र्याकडे, आणि युद्धमंत्री होता जेफरसन डेव्हिस, मिसिसिपीचा मळेवाला, गुलामांचा मालक. त्याने हरकत घेतली: ही मुक्त झालेल्या गुलामांची टोपी आहे, आपले लोक जन्मतःच स्वतंत्र आहेत, त्यांना ती शोभत नाही. त्याच शहरात त्या वेळी माणसे मालमत्ता म्हणून नोंदलेली होती, याची त्याला काही अडचण वाटली नाही. क्रॉफर्डने मुकाट्याने टोपी काढली आणि शिरस्त्राण घातले, वर गरुडाचे डोके आणि पिसे. आज कितीतरी पाहुणे खालून त्या पुतळ्याकडे पाहून ही मूळ अमेरिकन आदिवासी स्त्री असावी असे समजतात.

पुढचा भाग तर याहून बोलका आहे. पुतळ्याचा प्लास्टरचा साचा रोमहून आला, पण त्याचे भाग सुटे कसे करायचे ते कोणाला उमगेना. ते कोडे सोडवले फिलिप रीड नावाच्या कारागिराने. तो ओतशाळेच्या मालकाचा गुलाम होता, आणि ब्राँझचा पुतळा ओतण्याच्या कामातही तो राबला. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टनमधली गुलामी कायद्याने संपली आणि रीड मुक्त झाला. २ डिसेंबर १८६३ रोजी पुतळ्याचे डोके घुमटावर चढले, तेव्हा टोपीला हरकत घेणारा डेव्हिस फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष होऊन त्याच संसदेविरुद्ध लढत होता. रीड मात्र स्वतंत्र नागरिक होता. पुतळ्यावरून काढलेली टोपी घालण्याचा खरा अधिकार ज्याला होता, तो माणूस खाली रस्त्यावर कुठेतरी होता.

आकृतीच्या अंगावर काय असावे हे मंत्र्याच्या सहीने ठरवले, की देशाऐवजी मंत्र्याची भीती पुतळ्यात उतरते. जर्मनीतही हे झाले. १८४८ मध्ये फ्रँकफुर्टच्या पाउल्सकिर्श या चर्चमध्ये लोकप्रतिनिधींची सभा भरली, तेव्हा तिथे फिलिप फाइटने काढलेले जर्मानियाचे, म्हणजे बाईच्या रूपातल्या जर्मनीचे, भव्य चित्र टांगले होते: पायाशी तुटलेली बेडी, तलवारीला गुंडाळलेली ऑलिव्हची डहाळी. १८८३ मध्ये ऱ्हाईनकाठी नीडरवाल्डला उभ्या केलेल्या जर्मानियाच्या हातात सम्राटाचा मुकुट आला. पस्तीस वर्षांत बेडी तोडणारी बाई मुकुट सांभाळणारी झाली. जर्मन व्यंगचित्रांत आज ती फारशी भेटतही नाही. भेटतो तो डोक्यावर रात्रीची टोपी चढवलेला, झोपाळू, जरा भोळसट मिखेल. त्याचा कधी कोणी सम्राटाच्या इतमामाने पुतळा केला नाही, म्हणून तो टिकला, असा माझा अंदाज.

आता फ्रान्सची मारियान. सप्टेंबर १७९२ मध्ये फ्रान्समध्ये राजेशाही गेली, राजाच्या चेहऱ्याची मुद्रा बाद झाली आणि नव्या मुद्रेवर टोकाला स्वातंत्र्याची टोपी असलेला भाला धरलेली एक बाई आली. तिचे मारियान हे नाव मागाहून पडले; तेव्हाच्या फ्रान्समधले अगदी सामान्य मुलींचे नाव. १८४८च्या क्रांतीनंतर सरकारने प्रजासत्ताकाचे चित्र काढण्याची जाहीर स्पर्धा घेतली. शेकडो चित्रकार उतरले, परीक्षक बसले, आणि भिंतीवर लावावे असे काही निघाले नाही. त्यातले लोकांच्या लक्षात राहिलेले एकच रेखाटन, ओनोरे दोमिएचे: दोन धष्टपुष्ट पोरांना अंगावर पाजणारी आणि पायाशी तिसरे वाचत बसलेले अशी दणकट बाई. ते त्याने कधी पूर्णच केले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या विशी सरकारने नगरपालिकांतून मारियानचे अर्धपुतळे हटवायला लावून तिथे आपला प्रमुख मार्शल पेताँ याचा चेहरा बसवला. हुकूमशहांना ही बाई का खुपते ते मला कळते. तिला कोणाचा ठरलेला चेहरा नाही, म्हणून त्यांना तिथे स्वतःचा चेहरा बसवता येत नाही. ते तिला हटवूनच टाकतात.

हा मोकळेपणा फ्रान्सने पुढेही जपला. नगरपालिकेत मारियानचा अर्धपुतळा असावा असा प्रघात आहे, पण तो कसा असावा याचा कायदा नाही. म्हणून १९६९ मध्ये ब्रिजित बार्दोच्या चेहऱ्याची मारियान झाली, १९८५ मध्ये कॅथरीन देनव्हच्या. सिनेनट्यांचे चेहरे मला स्वतःला रुचत नाहीत. बार्दोने पुढे वंशद्वेषी वक्तव्यांपायी न्यायालयाचे दंड भरले, तेव्हा कित्येक महापौरांची पंचाईत झाली असेल. पण ज्यांना तो पुतळा नको असेल त्यांनी दुसरा बसवावा, एवढेच. २०१३ मध्ये मारियानचे नवे टपाल तिकीट निघाले आणि तिच्या एका चित्रकाराने सांगून टाकले, की चेहऱ्यामागची प्रेरणा एक स्त्रीवादी आंदोलक आहे. काही जण संतापले, तिकिटावर बहिष्कार टाका म्हणाले. तिकिटे चाटून पाकिटावर चिकटवली जातच राहिली.

या बायांविषयी बोलतोच आहोत, तर एक अप्रिय गोष्टही बोलून टाकू. १७९२ मध्ये देशाच्या मुद्रेवर बाई बसवणाऱ्या फ्रान्सने बायकांना मताचा अधिकार दिला १९४४ मध्ये. स्वित्झर्लंडच्या नाण्यांवर हेल्वेशिया, म्हणजे बाईच्या रूपातला तो देश, १८५० पासून आहे. स्विस बायकांना संघीय निवडणुकीत मत मिळाले १९७१ मध्ये. १८८६ साली न्यूयॉर्क बंदरातल्या स्वातंत्र्यदेवीच्या अनावरणाला मताधिकार मागणाऱ्या बायका भाड्याच्या बोटीतून निषेध करायला गेल्या होत्या, आणि त्यांचे म्हणणे साधे होते: जिथे जिवंत बाईला राजकीय स्वातंत्र्य नाही तिथे स्वातंत्र्याला बाई का करता? पुढच्या बैठकीत एखाद्या देवतेचे रेखाटन टेबलावर आले, तर टेबलाभोवती किती बायका बसल्या आहेत तेही मोजा.

भारतमातेची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, पण तिच्यातला एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १९०५ मध्ये, वंगभंगाच्या दिवसांत, अवनींद्रनाथ टागोरांनी काढलेल्या भारतमातेच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि जपमाळ आहे. शस्त्र एकही नाही. पुढे कॅलेंडरवाल्यांनी तिला सिंह दिला, ध्वज दिला, नकाशा दिला, काहींनी त्रिशूळ दिला. १९३६ मध्ये वाराणसीत गांधीजींच्या हस्ते खुल्या झालेल्या भारतमाता मंदिरात तर मूर्तीच नाही. गाभाऱ्याच्या जागी संगमरवरात कोरलेला उठावाचा नकाशा आहे, डोंगरदऱ्यांसकट. एक संन्यासिनी, एक सिंहवाहिनी आणि एक नकाशा, तिन्ही भारतमाताच, आणि तिघींपैकी एकीलाही सरकारी समितीने मंजुरी दिलेली नाही. मात्र एम. एफ. हुसेन यांनी नकाशाच्या आकारात विवस्त्र स्त्री रंगवली तेव्हा त्यांच्यावर खटले झाले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण तोवर म्हातारा चित्रकार देश सोडून गेला होता. २०१० मध्ये त्याने कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये तो लंडनमध्ये वारला. ते चित्र वाईट होते असे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. मीही ते भिंतीवर लावले नसते. पण नव्वदी ओलांडलेल्या माणसाला परका होऊन मरावे लागले, यात देशाची कुठली शोभा राखली गेली ते मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काही ठरवूच नये का? ठरवा. राजमुद्रा सरकारी कागदावर असते, तिची नक्कल करून फसवणूक होते, तिथे कायदा हवाच. माझा आक्षेप आदराच्या सक्तीला आहे. आणि दुसऱ्या टोकाला जाऊ नका, एवढेही सुचवतो. कोणालाच काही खुपू नये म्हणून सगळे पुसून टाकले की काय उरते ते युरोच्या नोटांवर दिसते. कुठल्याही एका देशाचा वाटू नये म्हणून रॉबर्ट कालिना यांनी नोटांसाठी अस्तित्वातच नसलेले पूल काढले. नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने मग काय केले, तर तेच पूल खरेच बांधून काढले, नोटांच्याच रंगांत. मला त्या गावाचा फार आदर वाटतो.

जमलेल्या कामाचे उदाहरण हवे असेल तर दक्षिण आफ्रिकेचा ध्वज पाहा. नव्या ध्वजासाठी लोकांकडून ७,०००हून अधिक रेखाटने आली, एकही पसंत पडले नाही. निवडणूक तोंडावर आली होती. शेवटी मार्च १९९४ मध्ये फ्रेडरिक ब्राउनेल यांचे रेखाटन घाईघाईने मंजूर झाले, तेही तात्पुरते म्हणून, आणि २७ एप्रिलला ते फडकले. लोकांनी ते गालांवर रंगवले, टोप्यांवर शिवले, मैदानात नाचवले. मुदत संपायच्या आतच ते राज्यघटनेत कायमचे झाले. ‘तात्पुरते’ असे लिहून दिले होते म्हणून कोणी त्यासाठी डोकी फोडली नाहीत, वापरून पाहिले आणि ठेवून घेतले. ही युक्ती तुम्ही सर्रास का वापरत नाही?

पोर्तुगालमध्ये राफाएल बोर्दालो पिन्हेइरो या व्यंगचित्रकाराने १८७५ मध्ये झे पोव्हिन्यो नावाचा दाढीवाला खेडूत काढला. सत्तेकडे पाहून कोपरापासून हात उडवत तो जो हावभाव करतो, त्याचे वर्णन या पत्रात करणे बरे नव्हे. पोर्तुगीज लोकांनी तो आपलाच मानला, त्याच्या मातीच्या बाहुल्या घरात ठेवल्या. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस काहीच बोलत नाही, तरी मराठी वाचकाला विचारा, देश कोणासारखा दिसतो, तर सिंहवाहिनीच्या आधी पुष्कळांना तो चौकड्यांचा कोटच आठवेल. पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अलीने १९६९ मध्ये काढलेला हंदाला नावाचा दहा वर्षांचा पोरगा पॅलेस्टाइनचा चेहरा झाला, आणि १९७३ नंतर तो आपल्याकडे पाठ करूनच उभा असतो. यांपैकी कोणाचाही प्रस्ताव तुमच्यापुढे आला नव्हता. आला असता तर तुम्ही पहिल्या फेरीत फेटाळला असता, हे तुम्हीही मान्य कराल.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तीन गोष्टी घाला. मंजूर आकृतीला पहिली काही वर्षे तात्पुरती म्हणा. मसुद्यात विटंबनेच्या शिक्षेचे कलम असेल तर ते बनावटगिरीपुरते ठेवा आणि बाकीचे खोडा. आणि जी रेखाटने तुम्ही नाकाराल ती कपाटात कोंडू नका. इतिवृत्तासोबत छापून जाहीर करा, नाकारण्याच्या कारणांसकट. डेव्हिसची हरकत कागदावर राहिली म्हणूनच ती टोपी कुठे गेली ते आज आपल्याला कळते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाण्यातिकिटांचा एक छांदिष्ट